कंसात सापडलेली पणजी

बँकेला फोन केला की पलीकडची मुलगी विचारते, "मॅडम, आईचं माहेरचं आडनाव सांगा." सुरक्षिततेसाठी म्हणे. हा प्रश्न ज्याने काढला त्याला आपल्याकडच्या नोंदवह्या चांगल्याच ठाऊक असणार. उत्तर कुठल्याच कागदावर सापडत नाही. चोरालाही नाही.

हे आठवायचं कारण, माझ्या भाचीने कॅनडाहून वंशवृक्षाच्या एका ॲपची लिंक पाठवली. "मावशी, तू आता रिकामीच असतेस ना, भर हे." बसले भरायला. वडिलांकडच्या सात पिढ्या अर्ध्या तासात भरून झाल्या, कारण वंशावळीचा कागद चुलत्यांकडे तयारच आहे. जमिनीचा वाद निघाला की तोही निघतो. सात पिढ्यांत एक बाई नाही. बाप्यांनी बाप्यांना जन्म दिला आणि खटले चालू ठेवले.

म्हणून ठरवलं, आईच्या आईची आई शोधायची. हातात काय होतं? पणजोबांचं नाव, कोरेगाव तालुक्यातलं त्यांचं गाव, आणि एवढंच की पणजीचं सासरचं नाव एका देवीचं होतं, पण माहेरी तिला एका नदीच्या नावाने हाक मारायचे. (नावं इथे लिहीत नाही. वर खटल्यांबद्दल सांगितलंच.) लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. आडनाव तर बदलतंच. म्हणजे एकाच बाईचं नाव, आडनाव आणि गाव एका दुपारी बदलतं, आणि शंभर वर्षांनी आपण तिला सर्च बॉक्समध्ये टाकून शोधणार!

परदेशी साइटवर नाव-आडनाव टाकलं की जनगणनेची पानं येतात, चर्चच्या वह्या येतात. फॅमिलीसर्चवर हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळींच्या वह्यासुद्धा स्कॅन करून ठेवल्या आहेत, फुकट बघता येतात. आपल्याकडे मात्र माणूस नावाने सापडत नाही, जमिनीच्या नंबराने सापडतो. सरकारच्या 'आपले अभिलेख' या साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, मग कागदाचा प्रकार, मग नंबर. आजचा गट नंबर घेऊन जुने कागद शोधाल तर फसाल. १९४७ च्या कायद्याने तुकडे जोडण्याची योजना आली आणि पुढे ज्या त्या गावात ती झाली तसे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्ही जुळवायला एकत्रीकरणाचा उतारा लागतो. मला हे कळेपर्यंत आठ दिवस मी भलत्याच कुणाच्या तरी विहिरीचा वाद वाचत होते. छान रंगला होता, ते सोडा.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्यांच्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. कुणबी नोंदींच्या शोधात ही बुकं गेल्या दोन-तीन वर्षांत तहसीलच्या कपाटांतून बाहेर आली, स्कॅन झाली, काही जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढलीही. आरक्षणावर तुमचं मत काहीही असो, घराण्याचा शोध घेणाऱ्यांचं त्यात भलं झालं. पण बरीचशी मोडी लिपीत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका निवृत्त शिक्षकांनी मला पाच पानं वाचून दिली. पाचही पानांवर एकच तऱ्हा: अमक्यास मुलगी झाली. मुलीला नाव नाही, कारण बारसं व्हायचंय. आईलाही नाव नाही. तिचं बारसं तर झालं होतं ना?

शेवटी पणजी सापडली ती पणजोबांच्या जुन्या सातबारावर, कंसात. ज्यांना उतारा वाचायची सवय आहे त्यांना ठाऊक असेल, कंस म्हणजे हे नाव आता गेलं. शेजारी गोल केलेला आकडा असतो, तो फेरफाराचा, म्हणजे नाव का बदललं त्या नोंदीचा नंबर. पणजोबा १९५९ साली गेले तेव्हाच्या फेरफारात वारस म्हणून दोन मुलगे, तीन मुली आणि विधवा पत्नी, देवीच्या नावाने. पुढे ती गेली आणि तिला कंस पडला. म्हणजे नवरा गेल्यावर कागदावर आली आणि स्वतः गेल्यावर उतरली.

या १९५९ पाशी मी अडखळले. आजीच्या आजोबांचा फेरफार त्याच बाडात होता, १९३० च्या दशकातला. मुली त्यांनाही होत्या, चांगल्या चार. एकीचंही नाव नाही. फरक पडला तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. मुली आणि विधवा मुलग्यांच्या बरोबरीने वारस झाल्या, तेव्हा तलाठ्याला त्यांची नावं लिहिणं भाग पडलं. घरातल्या बायका शोधणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे: १९५६ नंतरचे वारसाचे फेरफार आधी काढा. कायद्याने त्यांच्या हातात जमीन किती पडली हा वेगळा विषय, पण नावं पडली.

तोच धागा धरून पणजीचं माहेर. आजीच्या एका ओवीत माहेरचं गाव यायचं, आईला ते पाठ होतं. आडनाव कुणालाच माहीत नाही. तेव्हा त्या गावचे १९५७ पासूनचे फेरफार क्रमाने उघडत गेले, रोज रात्री जेवणानंतर. आणि १९६१ च्या एका नोंदीत: मयत खातेदार, वारस मुलगे दोन, मुली तीन, आणि तिसऱ्या मुलीचं नाव नदीचं, पुढे 'कोम', पुढे माझ्या पणजोबांचं नाव. माहेरच्यांनी वर्दी देताना माहेरचंच नाव सांगितलं होतं. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. या शब्दाचा मला महिनाभर राग राग येत होता. तो नसता तर ही आणि ती एकच बाई, हे मला कधी कळलं नसतं.

त्यानंतर चार महिन्यांनी पुढचा फेरफार. तिन्ही बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला. सबब नावे कमी केली.

विरोधाभास बघा. आपल्या कोकणातून जी माणसं मजुरीच्या करारावर मॉरिशसला गेली, त्यांच्या नोंदी तिथे मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. बाईलासुद्धा स्वतःचा क्रमांक, वडिलांचं नाव, वय, उंची, गाव, अंगावरच्या खुणा, पुढच्या काळात फोटोही. साखरेच्या मळ्यावर राबवायला नेलेल्या बाईची नोंद त्यांनी नेमकी ठेवली, कारण ती पळाली तर शोधायची होती. घरच्या बाईची आपण ठेवली नाही. ती कुठे पळणार!

आपल्याकडे बायकांच्या नावानिशी केलेला एक साठा मला ऑनलाइन सापडला, तो सरकारी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गोळा करायला घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या साइटवर आहेत, एक लाखाहून जास्त. गाणारीचं नाव आणि गाव बरोबर दिलेलं. त्यात आजीच्या त्या ओवीची चाल भेटते का ते ऐकत बसते हल्ली.

परवा आईला दोन्ही फेरफार मोठे करून टॅबवर दाखवले. चष्मा पुसून तिने स्वतःच्या आईच्या आजोळचं काही न बोलता थेट खाली बोट नेलं. हक्कसोडीच्या नोंदीखाली पणजीच्या नावापुढे 'निशाणी डावा अंगठा' आणि एक काळा गोळा.

"हा कुणाचा गं?" आई म्हणाली. "आजी तर सही करायची. तिसरी शिकलेली होती ती. चातुर्मासात पोथी तीच वाचायची आम्हाला."

भाचीला अजून कळवलेलं नाही. त्या गावात जुनी मराठी शाळा आहे. तिथलं १९२० च्या आसपासचं दाखल-खारीज रजिस्टर शिल्लक असलं तर मला बघायचंय. जन्मतारीख मास्तरांनी १ जून ठोकली असेल तरी चालेल. कोरेगावच्या बाजूला कुणाच्या ओळखीत मुख्याध्यापक असतील तर इनबॉक्समध्ये कळवा, गावाचं नाव तिथे सांगते.