‘प्लगिन बोगस आहे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की स्टाफ नोटेशनच्या (पाच रेषांवरच्या स्वरलेखनाच्या) वर्गाची फी भरली, व्हीएस कोड या एडिटरमध्ये सांगितलेलं प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) टाकलं, तरी घरच्या लॅपटॉपवर ‘लिलीपॉन्ड सापडत नाही’ एवढंच येतं. भाच्याच्या लॅपटॉपवर चाललं, तर मिडीचा, म्हणजे लिहिलेले सूर संगणकाने वाजवून दाखवण्याचा, आवाज नाही. आणि रविवारी फोन कोणी उचलला नाही.

वैताग समजतो. प्लगिन बोगस आहे, हे मात्र पटत नाही. नोटेशनचं पान प्लगिन बनवतच नाही, ते काम लिलीपॉन्ड या वेगळ्या प्रोग्रॅमचं. प्लगिन फक्त तुमची फाइल त्याच्याकडे पोचवतं आणि तयार पीडीएफ दाखवतं.

म्हणून आधी प्लगिन बाजूला ठेवा. विंडोजचं टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून लिलीपॉन्डला त्याची आवृत्ती विचारा. तिथेही ते सापडलं नाही, तर प्लगिन कितीदा काढून घातलं तरी उपयोग नाही. २०२२ च्या अखेरीस आलेल्या २.२४ पासून लिलीपॉन्ड विंडोजसाठी नुसत्या झिप फाइलमध्ये मिळतं. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ संपलं. जुने व्हिडिओ बघून बसवणारे बहुतेक इथेच अडकतात. झिप उलगडा, आतल्या बिन फोल्डरचा पत्ता विंडोजच्या पाथमध्ये (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत) स्वतः भरा आणि व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आधीपासून चालू असलेल्या व्हीएस कोडला नवा पाथ कळत नाही. टर्मिनलमध्ये आवृत्ती दिसते आणि प्लगिन तरीही रडतंय, असं झालं तर प्लगिनची सेटिंग तपासू.

आवाजाचं कारण तुम्ही जोडलेल्या फोटोतच आहे. तुमच्या फाइलच्या स्कोअर या भागात फक्त लेआउट ब्लॉक (छापील पान मागणारा तुकडा) आहे. मिडी ब्लॉक लिहिल्याशिवाय मिडी फाइल तयार होत नाही. पण लेआउट खोडून त्या जागी मिडी लिहू नका (हा प्रकार दर बॅचला कोणीतरी करतंच), नाहीतर आवाज येईल आणि पान गायब होईल. दोन्ही ठेवा.

फीबद्दल: लिलीपॉन्ड आणि व्हीएस कोड फुकट आहेत, फी शिकवण्याची आहे. वर्ग पूर्ण झाले, तुम्ही हजर होतात, त्यामुळे ती परत मिळणार नाही. रविवारी फोन बंद असतो हे प्रवेशाच्या मेलमध्ये लिहिलेलं आहे.

शनिवारी दुपारी जुन्या विद्यार्थ्यांच्या अडचणींसाठी आम्ही बसतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरचाच लॅपटॉप आणा, भाच्याचा नको. आणि टर्मिनलमध्ये काय उत्तर आलं त्याचा फोटो आदल्या दिवशी पाठवून ठेवा.