सहा मीटरची गल्ली आणि ऑकलंडचा दाखला

पुण्यातल्या सहा मीटर रस्त्यांचा वाद काही मिटत नाही, आणि आता त्यात मी राहतो त्या न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला ओढलं जातंय. मांडणी अशी: ऑकलंडने २०१६ मध्ये झोनिंग (कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम) मोकळं केलं, घरं भराभर उभी राहिली, मग पुण्यातल्या गल्ल्या कागदावर नऊ मीटरच्या करून टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) खुला केला तर बिघडलं कुठे? हे वाचून चीड येते. ज्या शहराचा दाखला देता, त्याची नियमावली आधी वाचा.

आधी पुण्याचा हिशोब. २०२० मध्ये स्थायी समितीने तीनशेहून अधिक सहा मीटर रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, आली. तिच्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते, रस्त्याच्या रुंदीला बांधलेलं आहे. नऊ मीटरच्या आत मूळ १.१, त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही, टीडीआर नाही. नऊ मीटरला १.१ अधिक ०.५ प्रीमियम अधिक ०.४ टीडीआर, म्हणजे २. त्यापुढे पायऱ्या चढत तीस मीटर रस्त्याला ३. निवासी इमारतीला या सगळ्यावर पैसे भरून ६० टक्के ॲन्सिलरी (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा जादा एफएसआय). समजा, ५०० चौरस मीटरचा प्लॉट आहे, दर्शनी बाजू वीस मीटर. सहा मीटर रस्त्यावर ५५० आणि ॲन्सिलरी धरून ८८० चौरस मीटर बांधकाम. रस्ता नऊचा ठरला की ढोबळमानाने १,६००. त्यासाठी मालकाने सोडायची जागा दीड मीटरची पट्टी, म्हणजे ३० चौरस मीटर. ती पट्टी पन्नास प्लॉटपैकी दहांनीच सोडली, तर रस्ता दहा ठिकाणी फुगलेला आणि चाळीस ठिकाणी सहाचाच राहतो. अग्निशमनची गाडी अडकायची ती त्या चाळीसपैकी एखाद्या ठिकाणी.

ऑकलंडच्या निवासी झोनमध्ये एफएसआय नावाची गोष्टच नाही. युनिटरी प्लॅन, म्हणजे तिथला शहर आराखडा, नोव्हेंबर २०१६ मध्ये लागू झाला आणि निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात दाट बांधकामाला वाट मिळाली, हे खरं. पण ती वाट कशी आहे ते पाहा. मिक्स्ड हाउसिंग अर्बन नावाच्या निवासी झोनमध्ये उंची ११ मीटर, छपराच्या उतारासाठी वर एक. इमारतीने जमीन झाकायची ती ४५ टक्के. पाणी न मुरणारा पृष्ठभाग ६० टक्क्यांच्या आत, ३५ टक्के हिरवळ. मुख्य खोलीच्या खिडकीसमोर सहा मीटर खोल, चार मीटर रुंद मोकळी जागा. आणि शेजाऱ्याच्या हद्दीवर तीन मीटर उंचीवरून आत ४५ अंशांची कललेली रेषा. तिच्या बाहेर भिंत जाता कामा नये. म्हणजे ११ मीटर उंच भिंत हद्दीपासून आठ मीटर आत हवी. पुण्यात उंच इमारतीला बाजूचं अंतर उंचीच्या पाचव्या हिश्शाइतकं. तीस मीटर उंचीला सहा मीटर. शेजारच्या बंगल्यात ऊन किती तास येणार, हे या भागाकाराने ठरतं.

इथे ऑकलंडमध्येही आरडाओरडा झालाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये नगरसेवकांनी लोकांच्या रोषापुढे नमून निवासी भागांत जादा दाट झोनिंग सुचवणाऱ्या बदलांच्या बाजूने दिलेला स्वतःचाच पुरावा मागे घेतला होता. ग्रे लिन, डेव्हनपोर्टच्या जुन्या व्हिलांना अजून विशेष संरक्षण आहे, आणि त्याचा फायदा ज्यांना आहे त्यांनाच आहे. पार्किंगची किमान अट काढल्यावर नव्या टाउनहाउसच्या गल्ल्यांत बर्मवर, म्हणजे रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवर, गाड्या चढतात. हे सगळं मान्य.

तरी एक गोष्ट सोडायला मी तयार नाही, ती म्हणजे सुनावणी. ऑकलंडच्या प्लॅनवर नऊ हजारांहून अधिक हरकती आल्या. त्या विषयवार लावल्या. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून कुठे एकमत आणि कुठे मतभेद याचं संयुक्त निवेदन केलं, लेखी पुरावे एकमेकांना दिले. त्यानंतर स्वतंत्र मंडळापुढे सुनावणी, आणि प्रत्येक विषयावर कारणांसह जाहीर अहवाल. महापालिकेला शिफारस फेटाळायची मुभा होती, पण कारण आणि पर्याय लिहून देऊनच; आणि फेटाळलं की एन्व्हायरन्मेंट कोर्टाचं दार उघडं. पुण्याच्या २००७ ते २०२७ च्या आराखड्यावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. माणसं नंबर लावून उभी राहिली, काही मिनिटं बोलली, घरी गेली. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून त्रिसदस्य समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्या ऐंशी हजारांतल्या एकाने जरी विचारलं, माझं म्हणणं का नाकारलं, तर त्याला वाचायला काय आहे?

मोकळ्या झोनिंगने ऑकलंडमध्ये घरं वाढली, यात शंका नाही. वर्षाच्या परवानग्या २०१६ च्या सुमारे दहा हजारांवरून २०२२ मध्ये एकवीस हजारांवर गेल्या. पण २७ जानेवारी २०२३ च्या पुराने हेही दाखवलं की कुठे बांधायचं नाही ते आधी ठरवायला हवं होतं. आता प्लॅन चेंज १२० या आराखड्यातल्या प्रस्तावित बदलामध्ये पूरप्रवण जागांवरचे नियम कडक होताहेत. वॉटरकेअर ही ऑकलंडची पाणी आणि मलनिस्सारण कंपनी मलवाहिनीची क्षमता नकाशावर दाखवते आणि कुठे जोडणी मिळणार नाही ते सांगते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पुराची निळी रेषा, त्याहून मोठ्या पुराची लाल रेषा, त्यांच्या मधल्या पट्ट्यात लाल रेषेपेक्षा ०.४५ मीटर वर जोतं, हे नियम यूडीसीपीआरमध्येही आहेत. पण जोतं उचललेल्या इमारतीचं पाणी शेजारच्या जुन्या चाळीत शिरतं, त्याचा हिशोब कोणाच्या नकाशावर मांडला जातो? गल्लीतली मलवाहिनी किती इंची आहे, हे न पाहता ८८० चे १,६०० मंजूर होणार असतील, तर तो शहराचा नियम नव्हे, प्रीमियमची वसुली आहे. बांधकाम परवानगीच्या पैशांवर अंदाजपत्रक उभं राहिलं की परवानगी नाकारणारा हात कचरतो.

'तुम्ही बाहेर बसून बोलता', हे उत्तर मला ठाऊक आहे. ते पूर्ण खोटंही नाही. सहकारनगरच्या पाचव्या मजल्यावर पाणी चढतं की नाही, याची झळ मला लागत नाही. ऑकलंडच्या हरकतींमध्ये 'आपलं शहर' असं लिहिताना हात अडत नाही. पुण्याबद्दल लिहितानाही तेच शब्द येतात, पण तिथे ते आधी खोडतो आणि मग पुन्हा लिहितो. इथे कायमच्या रहिवाशाला मत आहे. पुण्यात मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. म्हणजे तिथे राहणाऱ्यांनाही या नियमांवर मत द्यायला निवडून दिलेला माणूस नव्हता.

महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम २८ मध्ये हरकत 'कोणतीही व्यक्ती' घेऊ शकते. पुढचा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा माझी हरकत तयार असेल: नऊ मीटर धरलेल्या प्रत्येक रस्त्यासाठी मलवाहिनीचा व्यास, पाण्याचा दाब आणि अग्निशमन गाडीचं वळण आधी जाहीर करा, आणि हरकत फेटाळली तर कारण लिहून द्या.