दीन होण्याची प्रतिष्ठित पद्धत

“जे आत्म्याने दीन ते धन्य” हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचे पहिलेच वाक्य कोणत्याही सुस्थितीतल्या ख्रिस्ती कुटुंबाला अडचणीत टाकणारे आहे. धन्य व्हायला आपली हरकत नाही. प्रश्न दीन होण्याचा आहे. ज्यांच्या पणजोबांनी मिशनऱ्यांच्या काळात बाप्तिस्मा घेतला, ज्यांच्या आजोबांनी मिशनच्या शाळेत हेडमास्तरकी केली आणि ज्यांच्या वडिलांचे नाव चर्चमधल्या तिसऱ्या बाकाच्या पाठीवर पितळी पट्टीत कोरलेले आहे, त्यांनी देवापुढे रिकाम्या हाताने उभे राहावे ही अपेक्षा जरा अवाजवीच वाटते. सुदैवाने अनेक पिढ्यांच्या अनुभवातून यावर तोडगा निघाला आहे. नम्रता पूर्ण ठेवावी, गरज तेवढी वगळावी. पुढील सूचना याच धोरणाने दिल्या आहेत.

आरंभ पापांगीकारापासून करावा, कारण सर्वांत मोठा धोका तेथेच आहे. उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायचा पापांगीकार खुशाल मोठ्या आवाजात म्हणावा. तेथील पाप सर्वांचे असल्यामुळे आपल्या वाट्याला येणारा हिस्सा मंडळीच्या संख्येने भागला जातो. एकट्याने प्रार्थना करताना मात्र तपशिलात शिरू नये. “मी महापापी आहे” हे वाक्य दिवसातून कितीही वेळा म्हणावे, त्याने कोणाचे काही बिघडत नाही. “बहिणीची हक्कसोड पत्रावर सही घेताना मी तिला जमिनीचा खरा भाव सांगितला नाही” हे वाक्य एकदाही म्हणू नये, कारण त्यानंतर बहिणीच्या घरी जावे लागते, आणि जाताना बहुधा चेकबुक न्यावे लागते. आपण स्वतःला धूळ, राख, किडा असे काहीही म्हणवून घ्यावे. पण पंचांच्या सभेत कोणी आपल्याला नुसते हट्टी म्हटले तर त्याच रात्री राजीनामा लिहावा आणि दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब समजूत घालायला येईपर्यंत तो मागे घेऊ नये.

मंदिरात प्रार्थनेला गेलेला कर्मठ, धर्मनिष्ठ परूशी आणि जकातदार यांचा लूककृत शुभवर्तमानातील दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे परूश्यासारखे वागण्याची चूक आता कोणी करत नाही. आठवड्यातून दोनदा उपास आणि मिळकतीचा दशांश हा त्याचा हिशेब खोटा होता असे येशू कोठेही म्हणत नाही. बिचाऱ्याने तो वाचून दाखवला, एवढेच. आपण उभे राहावे जकातदारासारखे, दूर, मान खाली घालून, आणि वही मात्र परूश्याची जवळ ठेवावी. जकातदाराचे पूर्ण अनुकरण करण्याचा मोह टाळलेला बरा. रोमी सत्तेसाठी वसुली करणारा, स्वतःच्याच लोकांनी तोंड फिरवावे असा तो माणूस, “हे देवा, मज पाप्यावर दया कर” एवढाच अर्ज करतो आणि त्याला एकही कागद जोडत नाही. पूर्वीची सेवा नाही, घराण्याचा उल्लेख नाही, पुढे सुधारण्याची हमीसुद्धा नाही. असा अर्ज कोणत्याही कार्यालयात फेटाळला गेला असता. तो मंजूर झाला, ही गोष्ट मुलांना सांगताना शक्यतो घाईने उरकावी.

बसण्याच्या जागेविषयी त्याच शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय अधिक उपयोगी पडतो. मेजवानीला गेल्यावर अगदी शेवटच्या जागी बसावे, म्हणजे यजमान येऊन “मित्रा, वर येऊन बस” असे म्हणेल, हा तेथील उपदेश आपल्याला मनापासून पटतो. फक्त शेवटची जागा निवडताना ती सेक्रेटरींच्या नजरेच्या टप्प्यात आहे याची खात्री करून घ्यावी. कोणी बोलावलेच नाही तर उपासना संपेपर्यंत तेथे बसणे भाग पडते आणि शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो.

नम्रतेचे खरे पीक हंगामाच्या सणाला निघते. देवाच्या चरणी आणलेल्या पहिल्या फळांचा उपासनेनंतर लिलाव होतो, तेव्हा बाजारात 40 रुपयांना मिळणारा दुधी भोपळा 5,000 रुपयांना घ्यावा, ताबडतोब पुन्हा लिलावासाठी परत द्यावा आणि सेक्रेटरींच्या कानात “नाव पुकारू नका” असे सांगावे. हे कानात सांगणे पहिल्या तीन रांगांना ऐकू गेले पाहिजे. त्यानंतर ध्वनिक्षेपकावरून “नाव जाहीर न करण्याची विनंती करणाऱ्या एका बंधूंनी” अशी घोषणा होते आणि सर्व माना आपल्याकडे वळतात. त्या क्षणी जमिनीकडे पाहावे. त्याच लिलावात एखादी विधवा आपल्या परसातली मेथीची जुडी 20 रुपयांना स्वतःच विकत घेऊन जाते. तिच्याकडे पाहण्याचे कारण नाही.

आपण कसे बदललो याची मंडळीपुढे साक्ष देण्याची वेळ आली तर पाप जुने निवडावे, निदान वीस वर्षांपूर्वीचे, म्हणजे त्याची धार गेलेली असते आणि ऐकणाऱ्यांना रसही वाटतो. दारू सुटली, पत्ते सुटले, हे सांगता येते. गेल्या आठवड्यातला मत्सर सांगता येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने पाप्यांमधला मुख्य “मी आहे” असे लिहिले आहे. इतक्या मंडळ्या स्थापन केलेल्या प्रेषिताने “होतो” असे लिहायला हवे होते. घाईत राहून गेले असावे. आजची पापे हवीच असतील तर ती दुसऱ्यांची घ्यावीत, आणि घरगुती प्रार्थनासभेत “अमुक कुटुंबाच्या मुलीसाठी विशेष प्रार्थनेची गरज आहे, अधिक सांगत नाही” अशा संयत शब्दांत मांडावीत. अधिक सांगण्याची गरज पडत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मंडळीत अवश्य द्यावे, पण अर्धेच. 1878 साली, वयाच्या विशीत, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. दुष्काळातल्या निराधार स्त्रिया आणि मुली केडगावला आणून मुक्ति मिशन उभारले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केले. आणि 1989 साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. एवढे सांगून थांबावे, कारण मध्ये एक गैरसोयीचा भाग आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी या बाईंच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. तोपर्यंत अमेरिकेत व्याख्याने झाली होती, विधवांसाठी संस्था चालू होती, मित्र आणि विरोधक दोघेही त्यांची विद्वत्ता मानत होते. म्हणजे गरज नाही असे सिद्ध करायला जे जे लागते ते सर्व हाताशी होते. तरीही त्यांनी ते पुढे केले नाही. उलट आपली ही उणीव पुढे 1907 साली छापून जगाला सांगितली. आपल्यापैकी कोणाला असे काही वाटू लागले तर ते थकव्याचे लक्षण समजून आठ दिवस महाबळेश्वरला जाऊन यावे. रमाबाईंना जे नेमके उणे वाटले ते आपल्याकडे आहे का, असा प्रश्न अभ्यासवर्गात एखादा तरुण विचारतोच. त्याला पुढच्या वर्षीच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन द्यावे.

ज्यांना आदर्शासाठी एखादे गाव हवे असेल त्यांनी लावदिकीया घ्यावे. इसवी सन 60 च्या भूकंपात हे आशियातील श्रीमंत शहर कोसळले, तेव्हा रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभे राहिल्याची नोंद टॅसिटस या इतिहासकाराने केली आहे. तेथल्या मंडळीलाही शहराचे वळण लागले आणि “मला काही उणे नाही” असे ती म्हणू लागली. यावर बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तिला दरिद्री, आंधळी आणि उघडीवाघडी म्हटले आहे, ते वाचून मन खट्टू करून घेऊ नये. त्यातले “हे तुला कळत नाही” हे शब्द आपल्याला लागू पडत नाहीत, कारण आपण लावदिकीयाच्या मंडळीवर दोनदा संदेश दिलेला आहे.

शेवटचा प्रसंग पाळकसाहेब घरी भेटीला येण्याचा. पोहे खाऊन झाल्यावर ते हमखास विचारतात, “तुमच्यासाठी काय मागू?” याची यादी आधीच तयार असावी: धाकट्याचा व्हिसा, गुडघ्याचे ऑपरेशन, वरच्या मजल्यावरून गळणारे पाणी. एखाद्या वेळी यादी संपते, पाळकसाहेब उठत नाहीत, “आणि तुमच्या स्वतःसाठी?” असे पुन्हा विचारतात आणि आपला गळा उगीचच दाटून येतो. अशा वेळी स्वयंपाकघराकडे तोंड करून चहाला अजून किती वेळ आहे ते मोठ्याने विचारावे.