कर्ज ठाऊक नसलेला शेतकरी कुठल्या गावचा?

'दीडशे वर्षांपूर्वीचा शेतकरी राजा होता. चौसोपी वाडा, भरलेली पेवं, विषमुक्त अन्न, शंभरीचं आयुष्य. कर्ज त्याला ठाऊकच नव्हतं. आताचे मात्र कर्जमाफीची वाट बघत बसतात.' काकांनी हे एका वाड्याच्या फोटोसकट घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली चुलतभावाला, म्हणजे आमच्यातल्या एकट्या शेती करणाऱ्याला, 'वाच जरा' म्हणून टोमणा मारला. तो बिचारा गप्प बसला. मला ते जमत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी म्हणजे १८७५च्या आसपास ना? त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. लोण नगर जिल्ह्यात पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोग सरकारी, त्यामुळे सरकारी शेतसाऱ्याला निर्दोष ठरवून त्याने खापर सावकारावर फोडलं. पण रयत कर्जात बुडालीय हे त्यालाही लपवता आलं नाही. १८५९च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं केली होती, व्याज साचू नये म्हणून. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून जुनं व्याज मुद्दलात घालायचा आणि वाचता न येणारा कुणबी अंगठा द्यायचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव होता तोवर उधारी सढळ होती. भाव पडले आणि ती आटली. शेवटी १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी खास कायदा करून कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबवावं लागलं. कर्जच नव्हतं तर हा कायदा कोणासाठी?

अर्धं खरं एवढंच, की इंग्रजी कोर्टं येण्याआधी सावकाराला कुळाची जमीन गिळणं इतकं सोपं नव्हतं. कर्ज मात्र तेव्हाही होतंच.

फोटोतला वाडा पाटला-देशमुखाचा. देशावरच्या साध्या कुळाचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि बाजूलाच गुरं. शंभरीचं तर बोलूच नका; १८८०च्या दशकात हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यू मोठे, हे धरूनही.

रासायनिक खत नव्हतं, कबूल. पण १८७६ ते ७८च्या दुष्काळात ती विषमुक्त ज्वारीही मिळेना, म्हणून माणसं सरकारी दुष्काळी कामांवर गेली. तिथे सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने पुरुषाची मजुरी रोज एक आणा आणि रत्तलभर (साधारण अर्धा किलो) धान्याची किंमत एवढ्यावर आणली, तेव्हा हजारो मजूर काम टाकून निघून गेले.