हजारो कॉम्प्युटर आहेत हो काका, पण फोन किती जणांना करावा लागतो?

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत फिरतोय. क्रिप्टोला मालक नाही, जगभर हजारो कॉम्प्युटरवर चालतं, सरकार बंद करू शकत नाही, ५१ टक्के ताकद (म्हणजे व्यवहार नोंदवणाऱ्या सगळ्या कॉम्प्युटरच्या एकूण ताकदीपैकी निम्म्याहून जास्त) कोणाच्या बापाला जमणार नाही, एकदा लिहिलेला व्यवहार ब्रह्मदेव आला तरी पुसला जात नाही. खाली बी विंगच्या काकांनी 'अभ्यास वाढवा' लिहून मला टॅग केलं, म्हणून हा खटाटोप.

आधी ते हजारो कॉम्प्युटर. मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये नाईट करतो, तिथे एका रॅकमध्ये दहा कस्टमरचे सर्व्हर असले तरी वीज एकाच ठिकाणाहून येते, आणि कोणाचं बंद करायचं ठरलं की वायर काढायला जाणारा माणूस पण एकच, बहुतेक वेळा मीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या हेट्झनर या होस्टिंग कंपनीने 'आमच्या नियमात बसत नाही' म्हणून सोलाना या क्रिप्टोचे व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासणारे सर्व्हर, बंद केले, तेव्हा हजाराच्या आसपास मशीन एका कंपनीच्या निर्णयाने गेली. सोलाना बंद पडलं नाही, हे खरंय. पण 'हजारो' मोजताना मशीन मोजायची की मालक, एवढं तरी ठरवा.

५१ टक्के जमणार नाही म्हणे. अहो, जमलंय. जून २०१४ मध्ये जीहॅश नावाच्या एकाच मायनिंग पूलकडे (मायनर म्हणजे मशीन लावून व्यवहार नोंदवणारे आणि त्याबद्दल नाणी मिळवणारे, त्यांनी ताकद एकत्र केलेला गट म्हणजे पूल) बिटकॉइनची निम्म्याच्या वर ताकद थोडा वेळ गेली होती. मायनर आपली मशीन काढून दुसऱ्या पूलवर गेले नि ते निभावलं, पण वाचवलं ते माणसांनी, गणिताने नाही. आजही मशीन हजारोंची असतात आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या साखळीतल्या एकेका पानात, काय घालायचं ते बहुतेक वेळा पूल ठरवतो, फाउंड्री आणि अँटपूल या दोन पूलच्या ताकदीची बेरीज अलीकडे कित्येकदा निम्म्याच्या आसपास गेलीय. छोट्या नाण्यांची तर दैनाच, इथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ ला असा ५१ टक्केवाला हल्ला झाला आणि मग ऑगस्ट २०२० च्या एका महिन्यात तीनदा.

आता 'पुसत नाही' वाला मुद्दा, माझा आवडता. २०१६ मध्ये डीएओ या इथेरियमवर चालणाऱ्या गुंतवणूक फंडातून ३६ लाख इथर (इथेरियमची नाणी) कोणीतरी काढून नेले, तर जुलैत इथेरियमवाल्यांनी फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळीचा नवा फाटा काढून, ते परत आणले, आणि ज्यांना हे पटलं नाही त्यांची जुनी साखळी म्हणजेच वरचं इथेरियम क्लासिक. बिटकॉइनचं त्याहून मजेदार. मार्च २०१३ मध्ये सॉफ्टवेअरच्या नवीन व्हर्जनने बनवलेला एक ब्लॉक जुन्या व्हर्जनला चालेना, साखळीचे दोन फाटे झाले, आणि जास्त ताकद चक्क नव्या फाट्याकडे होती. जास्त ताकदीचा फाटा खरा, या नियमाने तोच जिंकायला हवा ना? पण डेव्हलपर आणि मोठे पूलवाले चॅटवर जमले, काही तासांत पूल जुन्या व्हर्जनवर परत गेले आणि नव्या फाट्यावरचे ब्लॉक सरळ कचऱ्यात. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरचा निर्णय पण इतक्या लवकर होत नाही! निर्णय बरोबरच होता, मी नावं ठेवत नाहीये, पण मूठभर माणसांनी घेतला.

सरकार बंद करू शकत नाही, हे मात्र बऱ्यापैकी मान्य. २०२१ ला चीनने मायनिंग बंद केलं, निम्मी ताकद गेली तरी बिटकॉइन चालू राहिलं. आणि सी विंगचे जे म्हणतायत की ५१ टक्केवाला सगळ्यांची नाणी चोरेल, ते पण चूक. तो स्वतःचा व्यवहार फिरवून तेच पैसे दोनदा खर्च करू शकतो, तुमचा व्यवहार अडवू शकतो, पण तुमच्या कीशिवाय (वॉलेटच्या गुप्त किल्लीशिवाय) तुमची नाणी हलवू शकत नाही.

काल लिफ्टमध्ये काका भेटले तेव्हा विचारलं, तुमच्या वॉलेटचे बारा शब्द, ज्यांच्यावरून ती की परत मिळते, नीट लिहून ठेवलेत ना? तर म्हणाले, "कसले शब्द? मला अ‍ॅपमध्ये ओटीपी येतो की."