इंजिन तेवढं नाही

कोल्हापुरात कुठल्याही मेस्त्रीला विचारा, अमुक गाडीत तमुक इंजिन बसेल का? तो गाडीकडं बघणार नाही, इंजिनाकडं तर नाहीच नाही. चहाचा कप खाली ठेवेल आणि म्हणेल, "होतंय की! न व्हायला काय झालंय?"

उद्यमनगरात लेथ, शिरोलीत फौंड्री, गोकुळ शिरगावात आणखी फौंड्र्या. ज्या गावात बीड वितळवून हवं ते ओतून मिळतं, त्या गावाला 'नाही' म्हणायची सवय लागणार तरी कशी? पुण्यात राहत असतो तर एव्हाना दोन-तीन जाणकारांनी "अशक्य आहे, वेळ घालवू नका" असं तोंडावर सांगून, वर दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून, मला मोकळं केलं असतं. इथं मोकळं कुणी करत नाही. इथं चहा मागवतात.

गाडी म्हणजे एमजीए. १९५७ची, दोन सीटची, टपाशिवायची, जमिनीला टेकून चालणारी. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा लाखभर गाड्या तयार झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. एक आमच्या सासऱ्यांकडं आली. मुंबईतल्या एका मित्राला त्यांनी पैसे उसने दिले होते. पैसे आले नाहीत, ही आली. बापाला व्यवहार कळत नाही याचा चारचाकी पुरावा म्हणून माझी बायको लहानपणापासून हिच्याकडं बोट दाखवत आली आहे.

हिच्या दारांना बाहेरून हँडल नाही. तुटलं वगैरे नाही, कंपनीनं दिलंच नव्हतं. आत हात घालून दोरी ओढायची, मग दार उघडतं. वर-खाली होणाऱ्या काचाही नाहीत; पाऊस आला की प्लास्टिकच्या खिडक्या काढून दारावर अडकवायच्या. ही सोय ज्यानं काढली त्यानं आषाढातला गगनबावडा पाहिलेला नव्हता.

२०१९च्या ऑगस्टात गाडी चिखलीला चुलतसासऱ्यांच्या शेडात होती. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी पन्नाशीच्या वर गेलं. म्हशी निघाल्या, माणसं निघाली, गाडी राहिली. पाणी ओसरल्यावर तिला चिखलातनं ओढून काढलं, धुतली, चासी खरवडली. इंजिन तेवढं गच्च. बऱ्याच काळानं खोलायला घेतलं तेव्हा ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाला, वरपासून खालपर्यंत तडा. मेस्त्रींनी तड्यावरनं नख फिरवलं आणि म्हणाले, "दाजी, ह्यात आता तुळस लावा." मेस्त्री बायकोच्या माहेरच्या गल्लीतले, म्हणून मी दाजी. या नात्यामुळं मजुरी कमी होत नाही, सल्ले तेवढे वाढतात.

इथंपर्यंत दुःख होतं. ताप पुढं सुरू झाला, कारण 'आता कोणतं टाकायचं' हा प्रश्न मी चारचौघांत बोलून बसलो होतो.

पहिले आले शेजारचे आबा. त्यांच्या मते बोलेरोचं डिझेल. अडीच लिटर. "रानातनं उसाची ट्रॉली ओढून आणतंय बघा." मी म्हटलं, आबा, हिला ट्रॉली लावायची नाहीये. "मग घेतलाय कशाला गाडी?" यावर उत्तर नव्हतं. ते बीडाचं धूड पुढं ठेवलं असतं तर गाडीचं नाक रस्त्याला आणि शेपूट आभाळाला लागलं असतं. शिवाय आबांच्या बोलेरोत बसून फोनवर बोलताना पलीकडचा माणूस विचारतो, गिरणीत आहात काय? दूधवाल्यानं ओम्नीचं सुचवलं. ७९६ सीसीचं इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणजे बसायला तसं बसतं. पण दुधाच्या गाडीचं इंजिन एमजीत टाकायचं हे सासऱ्यांना सांगणार कोण? दूधवालाही सांगेना.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं त्याला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर बॅटरी हा एकच उपाय दिसतो. मोटर पुढं, बॅटऱ्या सीटमागं, मंजुरी असलेलं किट मिळालं की झालं. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "आवाज?" तो म्हणाला, "आजोबा, स्पीकर लावायचा. हवा तो आवाज." सासरे उठले आणि देवघरात गेले.

मला स्वतःला मोह पडला होता जिप्सीच्या इंजिनाचा. खोटं कशाला बोला, रात्री झोपताना मी त्याचाच विचार करायचो. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ब्लॉक ॲल्युमिनियमचा म्हणून हलका, आणि ८० हॉर्सपॉवर. एमजीएची मूळची ७२. वजन कमी, ताकद जास्त! त्यात जिप्सीत ते उभं बसतं, गिअरबॉक्स त्याच्या मागं, आणि फोर-व्हीलचा डबा त्याहून मागं वेगळा. तो डबा काढून टाकला की शाफ्ट सरळ मागच्या एक्सलला. मेस्त्रींनी थर्माकोल कापून इंजिनाचा आकार केला, बॉनेटखाली ठेवला, इकडनं तिकडनं बघितलं. "बसतंय की. नाद खुळा बसतंय."

मग वायरमनला बोलावलं. त्यानं सीटमागं डोकं घातलं. तिथं सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडायची जागा आहे. तो बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला.

"दाजी, प्लस बॉडीला लावलाय ह्यात. कुणी केलंय हे?"

"कंपनीनं."

"कंपनीतल्या कुणी?"

त्या काळातल्या इंग्लिश गाड्यांत अर्थिंग प्लसचं असायचं, हे मी त्याला सांगून पाहिलं. पटलं नाही. त्याच्या मते तिथं कुणीतरी नवशिका पोरगा कामाला ठेवला होता आणि त्याचं कुणी बघितलं नाही. जिप्सीच्या इंजिनाला कॉम्प्युटर. त्याला मायनसच बॉडीला पाहिजे. मग सगळं उलटं करायचं. डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचा. पेट्रोलला दाबाचा पंप पाहिजे. त्यासाठी टाकी खोलायची. वायरिंगचा हार्नेस नवा. रेडिएटरचे पाइप नवे, सायलेन्सर नवा, शाफ्ट कापून जोडायचा, स्पीडोमीटरची केबल कुठं लावायची ते नंतर बघू. माझ्या वहीत एका इंजिनाखाली पानभर यादी झाली आणि यादीत इंजिन सगळ्यात स्वस्त होतं. इंजिन बदलायचं ठरवणारा माणूस खरं तर इंजिन सोडून बाकीचं सगळं बदलत असतो, हे मला त्या वहीनं शिकवलं. वायरमन म्हणाला, "होतंय की." मला त्या वेळी कुणीतरी 'होत नाही' म्हणायला हवं होतं हो.

म्हटलं, फौंड्रीवाल्या मित्राला विचारू. हा माणूस धातूतला आहे, तडा गेलेला ब्लॉक बघून तरी खरं बोलेल. त्यानं ब्लॉकवर टिचकी मारली, कान लावला, आणि म्हणाला, "जोडतोयस कशाला? नवा ओतूया."

"एक ब्लॉक?"

"एक कसा परवडंल? पॅटर्न करायचा, आतल्या वॉटर जॅकेटचं कोअर करायचं, बोअर मारायचे. शंभरभर ओतले तर पॅटर्नचा खर्च निघंल."

"आणि बाकीचे नव्याण्णव?"

"गाड्या कुठं गेल्यात म्हणालास? अमेरिकेला ना? मग पाठवूया की अमेरिकेला."

तो चेष्टा करत नव्हता. त्याचा माल खरंच तिकडं जातो. मी घरी आलो तो एका इंजिनाच्या शोधात निघालेला आणि नव्याण्णव ब्लॉकांचा निर्यातदार होता होता वाचलेला माणूस म्हणून.

एवढं होईपर्यंत सासरे त्या एका 'आवाज?'पलीकडं काही बोलले नव्हते. शेवटी एका रविवारी, तांबडा रस्सा पोटात गेल्यावर, त्यांनी निकाल दिला. "दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते. आजवर तिच्यात कुणी जिप्सीचं इंजिन टाकलंय?" सभा संपली. मेबॅकचा दाखला दिल्यावर कोल्हापुरात वाद घालायचा नसतो.

त्यात आरटीओच्या कामातल्या एका माहितगारानं आणखी खुंटा बळकट केला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: गाडीत असा फेरफार करायचा तर परवानगी पाहिजे आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढला पाहिजे. आणि २०२१च्या व्हिंटेज नियमात गाडी बसवायची असेल तर ती पन्नास वर्षांवरची पाहिजे आणि मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी ढवळाढवळ चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, असल्याच कामांसाठी.

बायको म्हणाली, "शेवटचं तर आपण मन लावून करतोयच."

तेव्हा मूळचंच पाहिजे, किंवा मुळाच्या जवळचं. विलायतेहून मागवायचं म्हटलं तर भाडं आणि कस्टम धरून जो आकडा आला तो मी घरात मोठ्यानं वाचला नाही. मी मेस्त्रींकडं हताश होऊन बसलो होतो. कोपऱ्यात रद्दी टायरांमागं कुठल्याशा अँबॅसॅडरचं हाफ इंजिन, म्हणजे वरचं हेड नसलेलं, पडलेलं होतं. मेस्त्री चहा घेता घेता त्याच्याकडं बघत राहिले. मग उठले, कॉटन वेस्टनं एक बोअर, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ती नळी, पुसला, व्हर्निअर लावला. ७३ आणि वर थोडं. फळीवरनं आमच्या एमजीचा पुरातनं वाचलेला एकुलता एक धड पिस्टन काढला, बोटानं तेल लावलं आणि अंगठ्यानं दाबत त्या बोअरमध्ये सोडला. तो खळकन पडला नाही की अडकला नाही. खालची हवा दाबत, थांबत थांबत, आब राखून उतरला.

"दाजी," मेस्त्री म्हणाले, "हे पाव्हण्यातलंच निघालं की!"

निघालंच. दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजची, दोन्ही १४८९ सीसी, बोअर ७३.०२५, स्ट्रोक ८८.९. इंग्लंडात त्याला दोन एसयू कार्बोरेटर लावले आणि स्पोर्ट्स कार म्हणून विकलं. तेच इंजिन बंगालात उत्तरपाड्याच्या कारखान्यात एका कार्बोरेटरवर, कॉम्प्रेशन उतरवून अँबॅसॅडरमध्ये बसलं आणि आमदार, कलेक्टर आणि लग्नाची वऱ्हाडं वाहत राहिलं. आम्ही इतकी वर्षं जिला झाकून ठेवत होतो ती विलायती मड्डम आतून सरकारी गाडी होती. सासऱ्यांना हे कसं सांगावं कळेना. सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्यांनी आपलं घेतलं असणार."

कोपऱ्यातलं हाफ इंजिन कामाचं नव्हतं, त्याची क्रँक आधीच कुणीतरी नेली होती. अख्खं शोधायला लागलो तर ते सापडेना. नंतरच्या अँबॅसॅडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं आलं, आणि जुन्या पेट्रोलवाल्यांतल्या कितीतरी लोकांनी कधीच डिझेल टाकून घेतलंय. शेवटी गडहिंग्लजला एका निवृत्त मास्तरांकडं मिळालं, चालू. मास्तर नुसतं इंजिन देईनात. "इंजिन काढून गाडी दारात ठेवू? लोक काय म्हणतील? न्यायची तर सगळी न्या." सगळी घेतली. तेवढीही महाग पडली नाही, जिप्सीच्या यादीतल्या निम्म्यात आली.

परत येताना मी चालवत होतो, सासरे मागच्या सीटवर. संकेश्वरपर्यंत काही बोलले नाहीत. निपाणीच्या पुढं पाऊस लागला. त्यांनी काच वर केली. पुन्हा खाली केली, पुन्हा वर केली. कागलला चहाला थांबलो तेव्हा बाहेरनं दार हँडलनं उघडलं, लावलं, उघडलं. "वरनं गळत नाही," म्हणाले. पुढच्या रविवारी ते तिला घेऊन जोतिबाला गेले, गुलाल लावून आणला, आणि मेस्त्रींना निरोप दिला, की हिच्या बॉनेटला कुणी हात लावायचा नाही.

मेस्त्री मला म्हणाले, "अँबॅसॅडरला जिप्सीचं टाकूया, हिचं काढून एमजीला. होतंय की." मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना.

अजून कुणी सांगितलेलं नाही. एमजी उद्यमनगरात आहे, बॉनेट उघडं. इंजिनाचं काम कुठवर आलं ते बघायला सासरे रोज संध्याकाळी तिथं जातात. जातात त्याच इंजिनावर.