तुमचा फोटो कुठाय यात?

प्रागच्या चार्ल्स पुलावर पहाटे गेलं की पूल मोकळा मिळतो, असं प्रत्येक माहितीपुस्तकात छापलेलं असतं. ती पुस्तकं सगळ्यांनीच वाचलेली असल्यामुळे पहाटे पूल भरलेला असतो. मी पोचलो तेव्हा तिथे दोन नवरदेव, दोन नवऱ्या, त्यांचे फोटोग्राफर, ट्रायपॉड रोवून ठाण मांडलेली मंडळी आणि ‘जरा बाजूला होता का’ हे हातवाऱ्यांनी सांगणारे माझ्यासारखे बरेच जण होते. प्रत्येकाला मोकळा पूल हवा होता आणि प्रत्येक जण दुसरा कधी जातो याची वाट बघत होता. १३५७ साली सम्राट चौथ्या चार्ल्सने या पुलाचं काम सुरू करवलं, पुढे त्यावर ३० शिल्पं उभी राहिली. त्यातली बरीचशी आता नकला आहेत, अस्सल मूर्ती केव्हाच संग्रहालयात हलवल्या. हवामानाने झिजतात म्हणून, असं सांगतात. मला विचाराल तर त्या गर्दीला कंटाळून गेल्या असाव्यात.

मला फोटोत माणसं नको असतात. सहाशे वर्षांची वास्तू समोर उभी असताना तिच्यापुढे गॉगल लावून आणि कमरेवर हात ठेवून उभं राहणं हा मला शुद्ध आगाऊपणा वाटतो. बायकोचं म्हणणं असं, की माणूस नसलेला फोटो इंटरनेटवर फुकट मिळतो, तोही आपल्यापेक्षा चांगला. त्यासाठी विमानात बसायचं कशाला? या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी तो ऐकलाच नाही असं दाखवतो.

पण हे सगळं तिथलं. खरा छळ परत आल्यावर. “काय रे, फोटो दाखव की!” असं नातेवाईक म्हणतात आणि मी दरवेळी ते मनावर घेतो.

पहिली आत्या. ती चष्मा कपाळावर चढवते, माझा मोबाइल हातभर लांब धरते आणि अंगठ्याने फोटो सरकवायला लागते. त्या अंगठ्याचा वेग बघून माझ्या पोटात गोळा येतो. ज्या फोटोसाठी मी गारठ्यात तासभर उभा होतो, तो नीट उमटायच्या आत सरकलेला असतो.

“हा पूल. हा पूल. हा... तोच पूल ना?”

“आत्या, तो सूर्य उगवायच्या आधीचा होता. हा नंतरचा.”

“असं होय. हा पण पूल.”

मी पुलाच्या दगडांबद्दल दोन वाक्यं बोलायला तोंड उघडतो, तेवढ्यात अंगठा पूल ओलांडून पलीकडे गेलेला असतो. पलीकडे विमानतळाच्या पार्किंगमधल्या खांबाचा फोटो आहे. गाडी कुठे लावली ते विसरू नये म्हणून काढलेला. राखाडी खांब, त्यावर पिवळ्या रंगात ‘ड ४२’. तिथे अंगठा थांबतो.

“हा छान आलाय. अगदी स्वच्छ.”

खांबापुढे माझा रक्ततपासणीचा रिपोर्ट आहे. आत्या तो दोन बोटांनी मोठा करते. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर येतो. सबंध युरोपासाठी तो आला नव्हता. “अरे, कोलेस्टेरॉल केवढं हे!” झालं. प्राग बुडालं. पुढचा अर्धा तास माझ्या रक्तवाहिन्यांची यात्रा होते आणि तिच्यात सगळे उत्साहाने सामील होतात.

वहिनींची तऱ्हा वेगळी. त्या एकेका फोटोवर पुष्कळ वेळ थांबतात, पण वास्तूसाठी नाही. कुठल्या तरी किल्ल्याच्या भव्य दरवाजाशी चुकून माझी बायको आलेली असते, तिला त्या मोठं करत करत थेट पायांपर्यंत जातात. “हे बूट तिकडे घेतले का गं?” मग दोघी बुटांवर बोलतात. मागे सात शतकं तिष्ठत उभी असतात.

अशा वेळी मला जुन्या काळच्या स्लाइड प्रोजेक्टरवाल्यांचा हेवा वाटतो. काय थाट होता! खोलीत अंधार, भिंतीवर पांढरा पडदा, सगळे पाहुणे एकाच दिशेला तोंड करून बसलेले, आणि बटण फक्त यजमानाच्या हातात. कोडॅकच्या कॅरोसेल यंत्राच्या गोल ट्रेमध्ये ८० स्लाइड बसायच्या. ट्रे गोल असल्याने शेवटच्या स्लाइडनंतर पुन्हा पहिली हजर. म्हणजे यंत्राच्या बाजूने कार्यक्रम संपायचं काही कारणच नव्हतं, आणि दाराकडे जाणाऱ्याची सावली पडद्यावर पडायची, म्हणून पळणाराही उघडा पडायचा. २००४ साली ही यंत्रं बनणं बंद झालं. त्या दिवशी पाहुण्यांच्या घरी आनंद झाला असणार.

डोंगरांचं दुःख तर निराळंच आहे. मॅटरहॉर्न हे ४,४७८ मीटर उंचीचं शिखर. झेरमॅट गावातून ते दिसतं तेव्हा बोलणं थांबतं. मी भारावून मोबाइल वर केला आणि फोटो काढला. घरी येऊन बघतो तर रस्ता भलामोठा, विजेचा खांब भलामोठा, आणि मॅटरहॉर्न चपलेत गेलेल्या खड्याएवढा. यात कॅमेऱ्याचा तसा दोष नाही. मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड अँगल असते; ती आजूबाजूचं सगळं चौकटीत कोंबते, त्यात जवळचं फुगतं आणि लांबचं आक्रसतं. पोस्टकार्डवरचं शिखर अंगावर येतं, कारण तो फोटो लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेला असतो. हे मी काकांना समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग डोंगर कुठला यातला?”

उंच इमारतींची गत वेगळी, पण तितकीच वाईट. मोबाइल वर कलवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. त्यामुळे माझ्या फोटोंत घंटाघरं, चर्च, मनोरे सगळे मागे रेलून बसलेत. सरळ आलाय तो एकटा पिसाचा मनोरा. आणि त्याचं श्रेय मेव्हण्याला आहे.

त्याचं असं झालं. ११७३ साली पाया घातलेला तो मनोरा मऊ जमिनीत एका बाजूने खचत गेला. १९९० साली तो लोकांसाठी बंद करावा लागला. मग अभियंत्यांनी उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून त्याचा कल साडेपाच अंशांवरून चारच्या आसपास आणला आणि २००१ साली तो पुन्हा उघडला. म्हणजे जाणत्या लोकांनी इतकी वर्षं खपून दीड अंश कमी केला, तोही जपून, कारण मनोरा पूर्ण सरळ झाला तर बघायला येणार कोण? माझा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. पाचेक मिनिटांत मेव्हण्याने तो फिरवून, कापून परत टाकला. मनोरा काटकोनात उभा. शेजारचं कॅथेड्रल तिरकं. खाली लिहिलेलं, “दाजी, वाकडा आला होता, नीट केलाय.” त्यावर ग्रुपवर चौदा अंगठे. मूळ फोटोला एक होता, तोही माझ्या बायकोचा आणि बहुधा झोपेत पडलेला.

हालस्टाटबद्दल बोलायचं मी आता टाळतो. ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं हे गाव, वस्ती आठशेच्या आत. फोटो काढणाऱ्यांनी गावकऱ्यांना इतकं पिडलं, की २०२३ साली त्यांनी सेल्फीच्या लाडक्या जागेसमोर लाकडी कुंपणच घातलं, आणि मग ओरडा झाल्यावर काढलं. मी गावकऱ्यांच्या बाजूचा आहे, हे माझा फोटो काढून झाल्यावर मी ठामपणे सांगू शकतो. तर या गावाची हुबेहूब नक्कल चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात बांधलेली आहे, २०१२ पासून. ही माहिती नेमकी पुतण्याला होती. माझा तळ्याचा फोटो बघून तो म्हणाला, “काका, हे ओरिजिनल की चायनाचं?” मी पासपोर्टवरचा शिक्का दाखवणार होतो.

नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचा फोटो मात्र सगळ्यांनी ओळखला. ओळखणारच. समोरच्या दरीवरच्या मारीएनब्रुके पुलावर उभं राहून जो तो हाच फोटो काढतो, तिथून दुसरा निघतच नाही. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ साली हा किल्ला बांधायला घेतला तो माणसांपासून दूर राहायला मिळावं म्हणून. १८८६ साली तो वारला, आणि काही आठवड्यांतच किल्ला तिकीट लावून लोकांना खुला झाला. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात. मला या राजाबद्दल जवळीक वाटते. त्यालाही चौकटीत माणसं नको होती.

आणि फोटो बघायचा कंटाळा ही काही आमच्या घराण्याची मिरास नाही. १८५१ साली फ्रेंच सरकारी आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभरातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायला धाडलं. कुठली डागडुजी आधी करायची ते ठरवायला. बिचारे अवजड सामान घेऊन गावोगाव हिंडले, शेकडो निगेटिव्ह आणून जमा केल्या. आयोगाने त्या घेतल्या आणि प्रसिद्ध वगैरे न करता ठेवून दिल्या. मला खात्री आहे, त्यातल्या एखाद्या साहेबाने विचारलं असणार, “यात तुम्ही कुठे दिसत नाही?”

तरी माझा एक फोटो गाजला. जर्मनीतल्या रोथेनबुर्गमधला. तिथे प्लोनलाइन म्हणून एक तिठा आहे. मध्ये पिवळं, लाकडी सांगाड्याचं चिंचोळं घर, दोन्हीकडे फाटणारे रस्ते आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला बुरुजाचा दरवाजा. मी तिथे सगळे जाईपर्यंत थांबलो. सगळे गेलेही. एक सोडून. लाल जॅकेटवाला एक गृहस्थ भर रस्त्यात एका पायावर उभा, दुसऱ्या पायातला बूट हातात, आणि तो त्या बुटात डोळा घालून बघतोय. हलेल म्हणून वाट बघितली. हलला नाही. शेवटी त्याच्यासकट फोटो काढला.

तो फोटो आला आणि आत्याचा अंगठा थांबला. चष्मा खाली आला. वहिनी उठून आल्या. काका म्हणाले, “काय बघतोय तो?” मी सांगत होतो, की १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात या गावाचा मोठा भाग पडला, तटबंदी जगभरच्या लोकांच्या देणग्यांतून पुन्हा उभी केली, देणाऱ्यांची नावं भिंतीत बसवली आहेत.

“ते असू दे. खडा असेल का रे?”

“खडा असता तर झटकला असता. हा आत बघतोय.”

“अंगठी!” वहिनी म्हणाल्या. “बायकोपासून लपवलेली.”

मी म्हटलं, १८३८ साली फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला तेव्हा कित्येक मिनिटं लेन्स उघडी ठेवावी लागली. वाहती गर्दी त्यात उमटलीच नाही, गाड्या गेल्या, माणसं गेली. राहिला तो बुटाला पॉलिश करून घेत थांबलेला एक जण. फोटोत सापडलेला पहिला माणूस तो मानतात. तोही बुटापायीच. हे एवढं त्यांनी ऐकलं. माझ्या तोंडून निघालेलं आणि घरात पूर्ण ऐकलं गेलेलं इतिहासाचं ते पहिलं वाक्य असावं.

तेव्हापासून कुणी आलं की फर्माईश होते, तो बूटवाला दाखव. कापून बाजूला काढायचा विषय मी एकदा काढला, तर मेव्हण्यासकट सगळे अंगावर आले. परवा रात्री उशिरा आत्याचा फोन. एवढ्या रात्री म्हणून मी घाबरून उचलला.

“अरे, झोपला नव्हतास ना? मी काय म्हणते, तू तिथेच होतास तर विचारायचं नाहीस का त्याला?”